राजपूत : एक नाव, दोन विनाशिका

(नौदलाच्या इतिहासावरील एका व्याख्यानाची संहिता)



२१ मे २०२१ या दिवशी सूर्य मावळताना विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत एका युद्धनौकेवरचा ध्वज शेवटचा उतरवण्यात आला. नौदलाच्या रिवाजाप्रमाणे हा सोहळा वाद्यवृंदाच्या साथीने आणि माजी नौसैनिकांच्या मेळाव्यात व्हायला हवा होता. पण ते कोरोनाचे दिवस होते. विशाखापट्टणममध्ये नेमणुकीस असलेले मोजके अधिकारी आणि नौसैनिक तेवढे हजर राहिले आणि सारा विधी साधेपणाने उरकण्यात आला. एकेचाळीस वर्षांची सेवा संपली. नौकेचे नाव होते 'आयएनएस राजपूत'.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ही बातमी आली, पण महामारीच्या बातम्यांच्या गर्दीत ती फार थोड्यांच्या वाचनात आली असेल. म्हणून आज या नावाचा इतिहास थोडा तपशिलाने पाहायचा आहे. 'नावाचा' असे म्हणण्याला कारण आहे. भारतीय नौदलात 'राजपूत' नावाच्या विनाशिका दोन होऊन गेल्या. पहिली १९४९मध्ये आली, दुसरी २०२१मध्ये गेली. मधली चार वर्षे वगळली, तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या सात दशकांत हे नाव सतत समुद्रावर होते. भारताचे नौदल कुठून निघाले आणि कुठवर पोहोचले, ते या एका नावाच्या मागोमाग गेले तरी समजते.

परक्या गोदीतून आलेली पहिली 'राजपूत'

विनाशिका म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. विनाशिका ही वेगवान आणि चपळ नौका असते. ताफ्यातील मोठ्या नौकांचे, विशेषतः विमानवाहू नौकेचे, पाणबुड्या, विमाने आणि शत्रूच्या नौका यांपासून रक्षण करणे हे तिचे पहिले काम. घराचा मालक झोपलेला असताना अंगणात जागा राहणारा राखणदार असतो, तशी ताफ्यातली विनाशिका. राखणदाराचे नाव कोणी घेत नाही, पण तो नसला तर घर उघडे पडते.

पहिली 'राजपूत' स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे जॉन ब्राऊन या कंपनीच्या गोदीत बांधली गेली. मार्च १९४२मध्ये ती पाण्यात उतरली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये 'रॉदरहॅम' या नावाने ब्रिटिश नौदलात दाखल झाली. दुसरे महायुद्ध तेव्हा ऐन भरात होते. या नौकेची बरीचशी युद्धसेवा हिंदी महासागरातच झाली. १९४५च्या सप्टेंबरमध्ये जपानच्या शरणागतीनंतर ती सिंगापूरला पोहोचली आणि तेथील नाविक तळाच्या एका द्वाराला पुढे तिचेच नाव मिळाले.

१९४७मध्ये देश स्वतंत्र झाला, त्याबरोबर फाळणी झाली आणि नौदलाचीही वाटणी झाली. भारताच्या वाट्याला ज्या नौका आल्या त्या प्रामुख्याने किनारा राखण्याच्या योग्यतेच्या होत्या. खोल समुद्रात ताफा म्हणून उभे राहावे, असे त्यांत फारसे काही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी १९४८मध्ये 'दिल्ली' ही क्रूझर घेण्यात आली आणि १९४९मध्ये तीन विनाशिका ब्रिटनकडून विकत घेण्यात आल्या. 'रॉदरहॅम' झाली 'राजपूत', 'रेडाउट' झाली 'रणजित' आणि 'रेडर' झाली 'राणा'. या तिन्ही नौका महायुद्धात वापरून झालेल्या होत्या. परक्यांनी वापरून झालेले शस्त्र विकत घ्यायचे आणि त्याच्यावर आपले नाव घालायचे, एवढेच त्या वेळी शक्य होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण तेवढ्यावरच समाधान मानले असते, तर ती मात्र लाजिरवाणी गोष्ट ठरली असती.

या नौकांवर भारतीय नौसैनिकांची एक अख्खी पिढी घडली. नौदलाचे प्रमुखपद तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होते. रामदास कटारी हे पहिले भारतीय नौदलप्रमुख झाले ते एप्रिल १९५८मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अकरा वर्षांनी. तोवर आणि त्यानंतरही, समुद्रात ताफा कसा चालवायचा, रात्रीच्या अंधारात दिवे मालवून एकमेकांमागे कसे जायचे, पाणबुडीचा माग कसा काढायचा, हे सारे धडे 'राजपूत', 'राणा' आणि 'रणजित' यांच्या डेकवर गिरवले गेले.

१९६१च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या मुक्तीसाठी सैन्य हलले. त्या वेळी नौदलाच्या कारवाईत 'विक्रांत' या विमानवाहू नौकेभोवती जो ताफा उभा करण्यात आला, त्यात 'दिल्ली', 'कुठार', 'किरपाण', 'खुकरी' यांच्याबरोबर 'राजपूत'ही होती. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबरला संपली. गोव्याच्या बंदराजवळील लढतीत प्रत्यक्ष तोफा डागल्या त्या 'बेतवा' आणि 'बियास' या फ्रिगेट नौकांनी. 'राजपूत'चे काम बाहेरच्या समुद्रावर पहारा देण्याचे होते.

विशाखापट्टणमची रात्र

या नौकेच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आला तो तिच्या उतारवयात. १९७१मध्ये 'राजपूत' एकोणतीस वर्षांची झाली होती. युद्धनौकेच्या दृष्टीने हे वय निवृत्तीचे.

त्या वर्षीच्या उत्तरार्धात पूर्व पाकिस्तानात युद्ध होणार, हे स्पष्ट दिसू लागले. पूर्व नौदल कमांडचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन. त्यांच्या हाती 'विक्रांत' होती. तीच बंगालच्या उपसागरातून पूर्व पाकिस्तानची नाकेबंदी करू शकत होती. पण 'विक्रांत'च्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता. तिला पूर्ण वेग गाठता येत नव्हता आणि मंद चालणारी विमानवाहू नौका हे पाणबुडीचे सर्वांत सोपे भक्ष्य असते.

पाकिस्तानने नेमके हेच हेरले होते. कराचीहून निघून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत मजल मारू शकेल अशी पाणबुडी त्यांच्याकडे एकच होती. तिचे नाव 'गाझी'. मूळची ती अमेरिकन 'डायब्लो', १९४४मध्ये पाण्यात उतरलेली. अमेरिकेने ती पाकिस्तानला भाडेकराराने दिली होती. १४ नोव्हेंबर १९७१ला 'गाझी' कराचीहून निघाली. 'विक्रांत'ला गाठणे हे तिचे उद्दिष्ट होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एका बाजूला ब्रिटनमध्ये १९४२ला बांधलेली विनाशिका आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेत १९४४ला बांधलेली पाणबुडी. एकाच महायुद्धात एकाच बाजूने लढण्यासाठी ज्या नौका बांधल्या गेल्या, त्या आता दोन नव्या देशांच्या ध्वजाखाली एकमेकींसमोर येणार होत्या. उपखंडातील दोन्ही नौदले तेव्हा इतरांनी वापरलेल्या नौकांवर लढत होती.

कृष्णन यांनी 'विक्रांत'ला तिच्या सोबतच्या नौकांसह अंदमानच्या एकांत उपसागरात लपवले. पण लपवणे पुरेसे नव्हते. ती दुसरीकडे कोठे तरी आहे, अशी शत्रूची खात्री पटवणे आवश्यक होते. हे काम देण्यात आले 'राजपूत'ला.

पुढे कृष्णन यांनी आपल्या पुस्तकात या बनावाची हकीगत लिहिली आहे. 'राजपूत' विशाखापट्टणमपासून सुमारे १६० मैल दूर गेली आणि तेथून तिने बिनतारी संदेशांचा धडाका लावला. विमानवाहू नौकेवर माणसे जास्त, विमाने जास्त, म्हणून तिचे संदेशवहनही जास्त असते. संदेशांच्या प्रमाणावरून शत्रू अंदाज बांधतो. म्हणून एका छोट्या विनाशिकेने मोठ्या नौकेइतके 'बोलायचे' ठरवले. बंदरातील बाजारात एवढ्या शिधासामग्रीची मागणी नोंदवण्यात आली की, मोठा ताफा येतो आहे, अशी कुजबुज व्हावी. 'विक्रांत'वरील एका नौसैनिकाने आईच्या आजारपणाची चौकशी करणारी तार पाठवली, असाही एक मुद्दाम घडवलेला 'निष्काळजीपणा' त्यात होता. पाणबुडीच्या अवशेषांत पुढे मिळालेल्या कागदपत्रांतून असे दिसले की, विमानवाहू नौका विशाखापट्टणमच्या परिसरात असल्याची सूचना कराचीहून 'गाझी'ला गेली होती.

३ डिसेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडील भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झाले. 'राजपूत' तेव्हा इंधन घेण्यासाठी बंदरात होती. तिचे कप्तान होते लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. इंधन भरताच बंदर सोडावे, असा त्यांना आदेश होता आणि बाहेर शत्रूची पाणबुडी असण्याची शक्यता आहे, हेही त्यांना सांगण्यात आले होते. मार्गदर्शक दिवे मालवलेले होते. मध्यरात्रीच्या थोडे आधी नौका निघाली. अरुंद जलमार्ग ओलांडून वाटाड्या उतरला, आणि थोड्याच वेळात टेहळणी करणाऱ्याने पुढे उजव्या अंगाला पाणी घुसळल्यासारखे दिसत असल्याचे कळवले. पाणबुडी बुडी मारत असावी, हा तर्क क्षणात करायचा होता. इंदर सिंग यांनी नौका त्या दिशेने वळवली, वेग वाढवला आणि दोन डेप्थ चार्ज टाकले. डेप्थ चार्ज म्हणजे ठरावीक खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटणारा स्फोटकांचा पिंप. त्यानंतर काही मिनिटांनी एक प्रचंड स्फोट झाला. त्या वेळी शहरात लोक रेडिओभोवती बसून पंतप्रधान इंदिरा गांधींचे राष्ट्राला उद्देशून होणारे भाषण ऐकत होते. घरांची तावदाने हादरली.

'राजपूत'ने शोध घेतला. अंधारात काही दिसले नाही. ठरलेल्या कामगिरीसाठी ती पुढे निघून गेली. सकाळी कोळ्यांना पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू आणि तेलाचा तवंग सापडला. पाणबुड्यांनी तळाशी जाऊन पाहिले, तेव्हा तेथे 'गाझी' होती. तिच्यावरचे नव्वदहून अधिक खलाशी तिच्याबरोबर गेले होते. सरकारने ही बातमी जाहीर केली ती ९ डिसेंबरला.

दरम्यान, ४ डिसेंबरपासून 'विक्रांत'च्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले सुरू केले होते. पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग तुटला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. जिला मारण्यासाठी 'गाझी' आली होती, ती 'विक्रांत' सुखरूप होती.

श्रेय आणि सत्य

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. 'गाझी' नेमकी कशाने बुडाली?

नौदलाने सांगितले की, 'राजपूत'च्या डेप्थ चार्जमुळे. पाकिस्तानचे म्हणणे वेगळे आहे. 'गाझी'ने बंदराच्या तोंडाशी स्वतः पेरलेल्या पाणसुरुंगांपैकी एकाचा स्फोट होऊन ती बुडाली, असे ते मानतात. तिसरे मत असे की, पाणबुडीच्या आतच, बॅटऱ्यांतून निघणाऱ्या हायड्रोजन वायूमुळे किंवा आतील दारूगोळ्यामुळे, स्फोट झाला. तिच्या पुढच्या भागाची मोडतोड पाहता स्फोट आतून झाला असावा, असे अनेक जाणकारांनी म्हटले आहे. यात भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारीही आहेत. डेप्थ चार्जच्या आघातानेच आतला दारूगोळा पेटला असेल, असेही एक मत आहे. २०२४च्या फेब्रुवारीत नौदलाच्या खोल समुद्रातील बचावयानाने 'गाझी'चे अवशेष शोधून काढल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तेथे मृत्यू पावलेल्या खलाशांविषयीच्या आदरापोटी त्या अवशेषांना हात न लावण्याचे ठरले, असेही त्या वृत्तात होते. वाद मात्र मिटलेला नाही.

राष्ट्रभक्ताने या वादाकडे कसे पाहावे? काहींना वाटते की, दुसरे मत मांडणे म्हणजे आपल्याच सैनिकांच्या पराक्रमाला कमीपणा आणणे. हा विचार तपासून पाहण्यासारखा आहे. क्षणभर धरून चालू की, 'राजपूत'चे डेप्थ चार्ज 'गाझी'ला लागलेच नाहीत. मग काय बदलते? 'गाझी' विशाखापट्टणमच्या तोंडाशी होती आणि 'विक्रांत' तेथून शेकडो मैल दूर होती, हे बदलत नाही. शत्रूची एकमेव लांब पल्ल्याची पाणबुडी रिकाम्या बंदरासमोर दबा धरून बसली होती, हे बदलत नाही. युद्धाची घोषणा झालेल्या रात्री, पाणबुडी बाहेर आहे हे ठाऊक असताना, एक जुनी नौका दिवे मालवून अरुंद वाटेने बाहेर पडली आणि संशय येताच पळून न जाता थेट संशयाच्या जागेवर चालून गेली, हेही बदलत नाही. स्फोटाचे कारण काहीही असो, हे धैर्य तेवढेच राहते. कृष्णन यांचा बनाव तेवढाच यशस्वी ठरतो.

म्हणून खरे काय ते शोधण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. पराक्रमाला अतिशयोक्तीची गरज नसते. उलट, शंका घेण्याजोगा एक तपशील अट्टहासाने धरून बसले की, विरोधक त्या एका तपशिलावर बोट ठेवून सगळीच कथा खोटी ठरवू पाहतात. आपल्या मुलांना इतिहास सांगताना जेवढे ठाम आहे तेवढे ठामपणे सांगावे आणि जेथे मतभेद आहेत तेथे मतभेद आहेत, असे सांगावे. त्याने मुलांचा विश्वास वाढतो.

'राजपूत'च्या त्या कामगिरीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. त्या दिवसांत तिचे यश कशात होते? स्वतःची ओळख लपवण्यात. ती जितकी चांगल्या प्रकारे 'विक्रांत' वाटेल, तितके तिचे काम चांगले. डाव फसला असता, तर 'विक्रांत'साठी ठेवलेला पाणतीर तिने स्वतःवर घेतला असता. दुसऱ्याच्या रक्षणासाठी दुसऱ्याचे नाव धारण करून धोक्यात उभे राहायचे, आणि काम झाल्यावर पुन्हा आपल्या नेहमीच्या पहाऱ्यावर जायचे, हे समाजात काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला ओळखीचे वाटेल.

ही पहिली 'राजपूत' १९७६मध्ये निवृत्त झाली.

दुसरी 'राजपूत'

जुन्या नौकेचे नाव नव्या नौकेला देण्याची नौदलात परंपरा आहे. घरात आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तसेच हे. १९७६मध्येच सोव्हिएत संघातील निकोलाएव्ह शहरात, आजच्या युक्रेनमधील मिकोलाइव्ह येथे, '६१ कम्युनार्ड' या गोदीत एका नव्या विनाशिकेचा पाया घातला गेला. तिचे मूळ रशियन नाव 'नादेझ्नी', म्हणजे भरवशाची. ४ मे १९८० रोजी जॉर्जियातील पोती बंदरात भारताचे तेव्हाचे राजदूत इंद्रकुमार गुजराल यांच्या हस्ते ती 'राजपूत' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाली. पाठोपाठ तिच्याच जातीच्या 'राणा' आणि 'रणजित' आल्या. १९४९चे त्रिकूट नव्या रूपात पुन्हा एकत्र आले. पुढे 'रणवीर' आणि 'रणविजय' याही आल्या.

पहिल्या 'राजपूत'शी तुलना केली की, तीस वर्षांतली झेप कळते. ती वाफेवर चालत होती, ही चार गॅस टर्बाइनवर. थंड असलेली वाफेची यंत्रणा तापवून नौका निघायला तास लागत, गॅस टर्बाइनने ती काही मिनिटांत निघू शकते. लांबी सुमारे १४७ मीटर, पूर्ण भाराचे वजन पाच हजार टनांच्या घरात आणि वेग ताशी सुमारे ३५ नॉट. पहिलीचे मुख्य शस्त्र तोफा आणि पाणतीर होते. हिच्यावर नौकांवर मारा करणारी क्षेपणास्त्रे होती, विमान पाडणारी क्षेपणास्त्रे होती, आणि भारताने खास मागणी करून बसवून घेतलेला हेलिकॉप्टरचा हँगरही होता. त्यासाठी मूळ आराखड्यातील मागची तोफ काढून टाकण्यात आली होती.

तिचे पहिले कप्तान होते गुलाब मोहनलाल हिरानंदानी. १९७१च्या युद्धात पश्चिम ताफ्याचे कारवाई अधिकारी म्हणून कराचीवरील हल्ल्यांच्या आखणीत त्यांचा वाटा होता. पुढे ते नौदलाचे उपप्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय नौदलाच्या इतिहासाचे खंड लिहिले. १९६५ ते १९७५ या कालखंडाचा खंडही त्यांचाच. म्हणजे पहिल्या 'राजपूत'ची कथा ज्यात येते तो इतिहास दुसऱ्या 'राजपूत'च्या पहिल्या कप्तानाने लिहिला.

एकेचाळीस वर्षांत या नौकेला एकतीस कप्तान लाभले. पश्चिम आणि पूर्व अशा दोन्ही ताफ्यांत तिने सेवा केली. श्रीलंकेत भारतीय शांतिसेना होती, त्या काळातील 'ऑपरेशन अमन' आणि 'ऑपरेशन पवन', मालदीवमधील बंड मोडून काढण्यासाठी १९८८मध्ये झालेले 'ऑपरेशन कॅक्टस', लक्षद्वीपच्या परिसरातील 'ऑपरेशन क्रोजनेस्ट' या मोहिमांत तिचा सहभाग होता. भूसेनेच्या एखाद्या रेजिमेंटशी औपचारिक नाते जोडले गेलेली ती भारतीय नौदलाची पहिली नौका. ती रेजिमेंट अर्थातच राजपूत रेजिमेंट. १९४८मध्ये नौशेराजवळ तैनधारच्या ठाण्यावर प्राणार्पण करणारे परमवीर नायक जदुनाथ सिंग याच रेजिमेंटचे.

निवृत्तीच्या वेळी नौदलाने दिलेला एक आकडा मनात ठेवण्यासारखा आहे. या नौकेने एकूण ७,८७,१९४ सागरी मैल प्रवास केला. पृथ्वीला छत्तीस प्रदक्षिणा घालून आणखी अर्धी घातली, तर एवढे अंतर होते. एकेचाळीस वर्षांत यातले बहुतेक मैल तिने गस्तीत, सरावात आणि पहाऱ्यात घालवले. त्यांची बातमी झाली नाही. समुद्रमार्गाने देशाचा व्यापार निर्विघ्न चालला, ही त्या मैलांची कमाई.

म्हाताऱ्या नौकेवर नवे शस्त्र

दुसऱ्या 'राजपूत'च्या नावावरही उतारवयातील एक मोठी कामगिरी आहे. भारत आणि रशिया यांनी मिळून 'ब्रह्मोस' हे ध्वनीपेक्षा वेगाने जाणारे क्षेपणास्त्र तयार केले. १२ जून २००१ला चांदीपूरहून त्याची पहिली चाचणी जमिनीवरून झाली. पण ते मुख्यतः नौकांसाठी होते, आणि हलत्या, डुलत्या डेकवरून ते सुटते की नाही हे पाहणे आवश्यक होते. त्यासाठी 'राजपूत'ची निवड झाली. २००३च्या फेब्रुवारीत बंगालच्या उपसागरात तिच्यावरून 'ब्रह्मोस' सुटले. नौकेवरून ते प्रथम सुटले ते याच वेळी. मार्च २००८मध्ये तिच्यावरून जमिनीवरील लक्ष्यावर मारा करण्याची चाचणी झाली. अनेक लक्ष्यांतून नेमके लक्ष्य निवडून ते उद्ध्वस्त करण्यात आले.

नव्या शस्त्राच्या चाचणीत धोका असतो, आणि वारंवार अपेक्षाभंगही असतो. नव्या, महागड्या नौकेवर असे प्रयोग कोणी करीत नाही. जुन्या नौकेने प्रयोग अंगावर घ्यायचे आणि त्यांचे फळ नव्या नौकांनी घ्यायचे, हाच त्यातला क्रम. आज नौदलाच्या आघाडीच्या विनाशिका आणि अनेक फ्रिगेट 'ब्रह्मोस' बाळगतात.

परक्या गोदीकडून आपल्या गोदीकडे

या कथेचा शेवटचा भाग मुंबईत घडतो. दुसऱ्या 'राजपूत'च्या पिढीतील नौका चालवताना, त्यांची दुरुस्ती करताना भारतीय अभियंते शिकले. त्या अनुभवातून मुंबईच्या माझगाव गोदीत नव्या विनाशिका बांधण्याचा प्रकल्प उभा राहिला. १५ नोव्हेंबर १९९७ला 'दिल्ली' नौदलात दाखल झाली, १९९९मध्ये 'म्हैसूर', २००१मध्ये 'मुंबई'. मग 'कोलकाता', 'कोची' आणि 'चेन्नई'. आणि २१ नोव्हेंबर २०२१ला, 'राजपूत' निवृत्त झाल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, माझगाव गोदीत बांधलेली नवी विनाशिका दाखल झाली. तिचे नाव 'विशाखापट्टणम', ज्या बंदरात पहिल्या 'राजपूत'ची ती रात्र घडली आणि जेथे दुसऱ्या 'राजपूत'ने अखेरचा ध्वज उतरवला, त्याच बंदराचे. तिच्या पाठची 'मोरमुगाव' पहिल्या सागरी चाचणीसाठी समुद्रात निघाली ती १९ डिसेंबर २०२१ला, गोवामुक्तीला साठ वर्षे झाली त्या दिवशी. नंतर 'इम्फाळ' आणि जानेवारी २०२५मध्ये 'सुरत'.

या नौकांच्या बांधणीत मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी या भागांतील असंख्य कामगारांचे हात लागले आहेत. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीला आपल्या आरमाराची बांधणी सुरू केली आणि रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानले. आपली नौका आपल्या किनाऱ्यावर, आपल्या माणसांनी बांधावी, हा तो विचार. २ सप्टेंबर २०२२ला नौदलाने जो नवा ध्वज स्वीकारला, त्यावरील अष्टकोन महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. ध्वजावरचा तो अष्टकोन पाहताना माझगावच्या गोदीतला वेल्डर डोळ्यांसमोर यावा.

पण येथेही समाधानाने हात झटकण्यासारखी स्थिती नाही. दुसऱ्या 'राजपूत'चे जन्मस्थान मिकोलाइव्ह. याच शहरातील 'झोर्या-मॅशप्रोएक्ट' या कारखान्याने 'दिल्ली'पासून 'विशाखापट्टणम'पर्यंतच्या विनाशिकांसाठी गॅस टर्बाइन पुरवले. नौकेचे पोलाद भारतात तयार होते, सांगाडा भारतात जोडला जातो, पण तिच्या हृदयासाठी दीर्घकाळ परक्या शहराकडे पाहावे लागले. २०१४पासून रशिया आणि युक्रेन यांच्यातील संघर्षाने हा पुरवठा अडचणीत आला आणि २०२२पासून तर ते शहर प्रत्यक्ष युद्धाच्या झळा सोसत आले आहे. दोन परक्या देशांच्या भांडणात आपल्या नौकेचे इंजिन अडकावे, याचा अर्थ 'रॉदरहॅम'पासून सुरू झालेला प्रवास अजून पूर्ण झालेला नाही. नौकेचा सांगाडा बांधायला भारतीय शिकले. तिच्यातले टर्बाइन पूर्णपणे आपले होतील तेव्हा ती वाट संपली, असे म्हणता येईल.

ते काम भाषणांनी होणारे नाही. धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे बसणाऱ्या, उष्णता सोसणारे पाते ओतणाऱ्या तरुण-तरुणींकडून ते होणार आहे. येथे बसलेल्या घराघरांतून मुले अभियंते होतात, त्यांतली कित्येक परदेशी जातात. त्यांतल्या काहींनी तरी जहाजबांधणी, धातुशास्त्र, इंजिनशास्त्र या अवघड आणि कमी झगमगाटाच्या वाटा धराव्यात, असे पालकांना वाटले पाहिजे. विशाखापट्टणमला सहलीला जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्रकिनाऱ्यावरील १९७१च्या युद्धाचे विजयस्मारक जरूर पाहावे आणि तेथे मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात : एक जुनी नौका मध्यरात्री दिवे मालवून कशी बाहेर पडली, आणि त्या नौकेचे प्रत्येक यंत्र कुठून आले होते. पहिल्या गोष्टीतून अभिमान मिळेल, दुसरीतून काम.

आज 'राजपूत' नावाची विनाशिका नौदलात नाही. नावांची परंपरा पाहता ते पुन्हा कधी तरी एखाद्या नव्या नौकेवर कोरले जाईल. ती तिसरी 'राजपूत' भारतीय गोदीत बांधलेली असेल, याविषयी आता शंका नाही. तिच्या पोटातले टर्बाइनही भारतीयच असतील की नाही, हे मात्र आज शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाती आहे.

भारत माता की जय.